नव्याचा सण

माझं आडनाव ‘कर’ने संपतं आणि पहिलं नाव बायबलमधलं आहे. ऑफिसात नवीन कोणी भेटलं की त्याच्या डोक्यात माझ्यासाठी एक खण तयारच असतो : ख्रिश्चन. मी म्हणतो, “नाही, ज्यू.” मग पुढचा प्रश्न ठरलेला. “अच्छा! म्हणजे मूळचे कुठले?” रायगडचा, मी सांगतो. “नाही, म्हणजे… *मूळचे*?” इथे मी सहसा चहा घ्यायला उठतो.

त्या दुसऱ्या ‘मूळचे’चं उत्तर चहाच्या कपात मावत नाही, म्हणून इथे लिहितोय. शिवाय सध्या माझ्या लॅपटॉपवर एक अर्ज अर्धवट भरून पडला आहे. त्यात हाच प्रश्न आहे, फक्त जास्त सभ्य भाषेत आणि कागदपत्रं जोडा असं म्हणत.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ‘इस्रायलची मुलं’. आमच्यात सांगतात ती गोष्ट अशी की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं. त्यांची आठवण म्हणून नवगावच्या जुन्या कब्रस्तानात आता स्मारक आहे. वाचलेले लोक कोकणात गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव लावू लागले : पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर, चेऊलकर. (किनाऱ्यावर वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने जिवंत केलं, अशी चित्पावनांची कथा आहे. चौदाचा आकडा दोन्हीकडे कसा, यावर आमच्या हॉस्टेलमध्ये एक अख्खी रात्र गेली होती. निष्कर्ष काही निघाला नाही, मॅगी संपली.)

दंतकथा बाजूला ठेवू. लिखित पुरावा पाहिला तर १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने मद्रासहून लिहिलेल्या पत्रात आमचा उल्लेख येतो. हे लोक स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, त्यांच्याकडे बायबल नाही, हिब्रू येत नाही, फक्त ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी येते, असा त्या पत्राचा आशय. मला हे फार विलक्षण वाटतं. पुस्तक नाही, लिपी नाही, धर्मगुरू नाही. सगळी हार्ड डिस्क गेलेली, आणि उरलंय काय, तर एक ओळ.

अर्थात ती एक ओळ आणि स्वयंपाकघर.

गावचे लोक आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. त्यामागचा सब्बाथ शेजाऱ्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्या दृष्टीने एका जातीचा एक वार पाळायचा होता, इतकंच. सोमवार पाळणारे तेलीही होतेच. किनाऱ्यावर राहूनही कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, मुशी घरात येत नसे. ज्याला पर आणि खवले, तोच मासा. मटणाच्या रश्शात दूध-दही नाही, पण कोकणात त्यावाचून कुणाचं अडलंय? नारळाचं दूध आहे. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, हा नियम युरोपातल्या ज्यू गृहिणीला रोज आठवत असेल. आमच्या आज्यांना तो नियम असल्याचं जाणवतही नसे, इतकं नारळाने ते काम परस्पर निभावलं होतं. सणाच्या प्रार्थनेला वाईन लागते. ती नाही, मग काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून शरबत. आजही आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी त्याच शरबतावर आशीर्वाद म्हणतात.

सणांची नावं तर ऐकाच. हाईम सॅम्युएल किहीमकर या आमच्यातल्या गृहस्थांनी १८९७मध्ये बेने इस्रायलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून आला १९३७मध्ये, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यात जुनी नावं नोंदलेली आहेत. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, हा आमचा ‘नव्याचा सण’. पाठोपाठ नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर करायची, तो ‘खिरीचा सण’. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपास म्हणजे ‘दारफाळणीचा सण’ : पांढरे कपडे घालून, दार लावून घरात बसायचं, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. पुरीम हा ‘होळीचा सण’. पेसाखला आंबवलेलं काही खात नाहीत, तर तो ‘अनशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट अनशीचं भांडं झाकून ठेवण्याचा. आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास? ‘बिरड्याचा’. त्याआधीचे दिवस मांस वर्ज्य, म्हणून वालाचं बिरडं. मंदिर कुठलं, पाडलं कुणी, हे सगळं विसरलं गेलं. बिरडं तेवढं राहिलं.

यावर हसू येतं खरं. पण मला यात एक मोठी युक्ती दिसते. दार, बरणी, खीर, बिरडं या गोष्टी घरातल्या बाईला वर्षानुवर्षं कराव्याच लागतात. त्यांना सण टांगून ठेवला की तो हरवत नाही. ‘नव्याचा’ शब्दही कोकणाचाच : इथे आश्विन पौर्णिमेला भाताच्या लोंब्यांचं ‘नवं’ दाराला बांधतात.

मला दोन कॅलेंडरं शेजारी ठेवायची खाज आहे. ज्यू पंचांग आणि मराठी पंचांग दोन्ही चांद्र-सौर, महिने चंद्राचे, आणि ऋतूंशी मेळ बसवायला दोन्हींत अधिक महिना. ज्यू गणितात १९ वर्षांत नेमके ७ अधिक महिने येतात, आपल्याकडेही सरासरी तेवढेच. परिणाम असा की २०२५मध्ये पुरीम होळीच्या दिवशी आला, नव्याचा सण घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू झाला, योम किप्पूर बरोब्बर दसऱ्याला होता आणि सुक्कोथची पहिली रात्र म्हणजे कोजागरी. २०२३मध्ये मात्र आपल्याकडे अधिक श्रावण आधी येऊन गेला आणि ज्यू अधिक महिना पुढच्या वसंतात पडला, त्यामुळे नव्याचा सण गणपतीच्या तीन दिवस आधी आला. जिथे फरक पडतो तिथे तो एका महिन्याचा असतो, चंद्राची कला चुकत नाही. हिब्रू पुस्तक नसलेल्या तेल्यांनी तारखा कशा पाळल्या असतील, याचं माझं उत्तर एवढंच : शेजाऱ्याची अमावास्या आणि पौर्णिमा बघून. हा माझा तर्क आहे. पण स्क्रिप्ट लिहून दोन्ही पंचांगं शेजारी लावलीत तर तुमचंही मत बहुधा माझ्यासारखंच होईल.

पुस्तकं नंतर आली. बेने इस्रायल पुरुष कंपनीच्या पलटणीत भरती झाले, मुंबईला आले. त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६मध्ये मांडवीत आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं, असं आमच्यात छातीठोकपणे सांगतात. मग कोचीहून ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं, हेतू अर्थातच धर्मांतराचा. आमचे लोक त्यांच्या शाळांत गेले, हिब्रू शिकले आणि शिकून सिनेगॉगमध्ये परत आले. पुण्यात १८७४मध्ये पेसाखचं पुस्तक, हगादा, मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. १८८०च्या सुमारास आमच्यातले लोक मोशे आणि योसेफ यांच्या कथांवर कीर्तनं करू लागले, पूर्वरंग-उत्तररंगासकट. याच काळात ‘दारफाळणी’ जाऊन ‘किप्पूर’ आलं, ‘नव्याचा सण’ जाऊन ‘रोश हशाना’. म्हणजे ज्यू कसं व्हायचं ते आम्ही पुस्तकातून नव्याने शिकलो. त्यात वाईट काही नाही. पण माझी आजी शेवटपर्यंत ‘नव्याचा’च म्हणायची, आणि मला ते जास्त खरं वाटायचं.

आता त्या अर्जाकडे येतो.

आम्हाला पुरावा मागणारा पहिला माणूस डेव्हिड राहाबी. तो हजार वर्षांपूर्वी आला की अठराव्या शतकात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कथा सगळ्यांना पाठ आहे : त्याने आमच्या बायकांपुढे माशांची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले, बिनखवल्यांचे बाजूला सारले. राहाबी म्हणाला, हे आपलेच. मग झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घरांतल्या माणसांना त्याने धर्म शिकवून काजी नेमलं. परीक्षा किती सोपी, पाहा. कागद नाही, वंशावळ नाही. रोज जे करता ते करून दाखवा.

दुसरी परीक्षा आम्हीच आमची घेतली, आणि त्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही. आमच्यात ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद होता. ज्यांची आई किंवा आजी ज्यू नव्हती ते काळे. त्यांच्याशी लग्न नाही, पंगत वेगळी. मुंबईत आलेले बगदादी ज्यू आम्हाला शुद्ध मानत नव्हते, त्याचं दुःख करणाऱ्यांच्याच घरात हे चालत होतं. जातीच्या देशात राहून आम्ही जात शिकलो, अशी सबब मी कॉलेजात द्यायचो. आता देत नाही. शनिवार आम्ही शेजाऱ्यांकडे न बघता पाळला होता, मग हेही न शिकता आलं असतं.

तिसरी परीक्षा इस्रायलमध्ये झाली.

स्वातंत्र्याच्या वेळी बेने इस्रायल सुमारे २० हजार होते. १९४८मध्ये इस्रायल झालं, १९५०मध्ये तिथे परतीचा कायदा आला : कोणीही ज्यू येऊन नागरिक होऊ शकतो. भारतातून बाहेर पडण्याजोगा छळ आमच्या वाट्याला कधीच आला नाही, ही गोष्ट आमचे लोक अभिमानाने सांगतात आणि ती खरी आहे. मग गेले का? कोणी धर्मासाठी, कोणी इंग्रज गेल्यावर रेल्वे-कस्टममधल्या नोकऱ्यांचं काय होईल या धास्तीने, आणि बरेचसे भाऊ गेला म्हणून. आजोबांचे थोरले भाऊ १९५०मध्ये गेले. मुंबईत कारकून होते, तिथे बीरशेबाच्या वाळवंटात मजुरी मिळाली. भाषा येत नव्हती, घर म्हणजे तात्पुरती झोपडी. तुम्ही काळे, तुम्हाला काळाच पाव, असं ऐकवलं गेल्याची एक तक्रार त्या वेळी गाजली. १९५१-५२मध्ये बेने इस्रायलांच्या एका गटाने तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या दारात धरणं धरलं. मागणी काय, तर आम्हाला परत भारतात पाठवा. शेवटी १९५२मध्ये शंभरावर लोकांना विमानाने मुंबईला आणून सोडलं. त्यांत हे मोठे आजोबाही होते.

घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत ते पुन्हा इस्रायलला गेले. परत आलेल्यांपैकी बरेच जण असेच पुन्हा गेले. मला त्यात विनोद दिसत नाही. ते मुंबईला आले तेव्हा त्यांची खोली भाड्याने गेली होती, नोकरीवर दुसरा होता, आणि चाळीतली पोरं त्यांना ‘इस्रायल रिटर्न’ म्हणत. नवी सुरुवात एकदा केली की जुनी जागा तुमच्यासाठी राखून ठेवलेली नसते. दुसऱ्यांदा जाताना त्यांनी नारळ खवायची विळी सामानात घातली. ती अजून त्यांच्या नातवाकडे, दिमोनात आहे.

दिमोना हे १९५५मध्ये नव्याने वसवलेलं गाव, आमचे खूप लोक तिथे आहेत. बाकीचे अश्दोद, बीरशेबा, लोद, रामला इथे. यांतल्या लोद, रामला, बीरशेबातून १९४८मध्ये अरब कुटुंबं बाहेर पडली होती, पाडली गेली होती. हे आमच्या घरगुती गोष्टींत कधीच येत नाही. मला ते इतिहासाच्या पुस्तकात सापडलं, आणि तेव्हापासून ‘रिकामं घर मिळालं’ हे वाक्य मला नीट गिळता येत नाही.

१९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने नियम काढला : बेने इस्रायल मुलामुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आईची, आजीची आणि जमेल तितकी मागची चौकशी करा. शंका अशी की कोकणात घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, बाहेरचं रक्त मिसळलं असेल का. शतकानुशतकं शेमा म्हणणाऱ्यांना आजीच्या लग्नाचा कागद मागितला. आजीचं लग्न रोह्याला मांडवात लागलं होतं! लोक चिडले. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन पेटलं, आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर त्या नियमातून ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढण्यात आले. मोठे आजोबा त्या आंदोलनात होते. काळ्या-गोऱ्याची गोष्ट तेव्हा तिथे कुणी काढली का, हे मला त्यांना विचारायचं होतं. मी जन्मलो तोवर ते गेले होते.

माझी ताई सात वर्षांपूर्वी अश्दोदला गेली. तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची आहे. सायरन वाजला की तिथे पळायचं. एरवी तिथे भाचीचा पलंग आहे आणि तांदळाचा डबा. भाची मराठी समजते, बोलते हिब्रूत. ताई जायच्या आदल्या दिवशी घरी मलिदा केला होता : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं, मधोमध गुलाब, आणि एलियाहू हनाबीच्या नावाने प्रार्थना. बाळ झालं, घर घेतलं, नोकरी लागली, नवस फेडायचा, माणूस परदेशी निघाला, काहीही नवीन असलं की मलिदा. युरोपातल्या ज्यूंना हा प्रकार ठाऊक नाही. अश्दोदमध्ये ताईच्या शेजारणी आता तो चवीने खातात.

तिला पोचून सहा महिने झाले आणि नव्याचा सण आला. तिने व्हिडिओ कॉल लावला : चिकाचा हलवा जमत नाहीये. हा आमच्याकडचा सणाचा पदार्थ. गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, मग नारळाचं दूध आणि साखर घालून तासन्‌तास घोटायचं. आईने इथून सूचना दिल्या, ताईने तिथे डब्यातलं नारळाचं दूध ओतलं. ते लवकर फाटलं. आई म्हणाली, “सोड, चायना ग्रास घाल.” ताई रडायला लागली. हलव्यासाठी नव्हतं ते, हे दोघींनाही कळत होतं, तरी बोलणं शेवटपर्यंत चायना ग्रासच्या प्रमाणावरच चाललं.

तर अर्ज. माझ्या कामाला तिथे मागणी आहे, पगार इथल्यापेक्षा बरा आहे, ताई एकटी आहे. आई म्हणते, “तुझं तू ठरव,” म्हणजे जाऊ नको. अर्जाला आईवडिलांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, आणि सिनेगॉगचं पत्र लागतं. केतुबा कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत सापडला. तो वाचताना लक्षात आलं की माझ्या आजीची आई कुठल्या घरची, हे मला माहीत नाही. बाबांनाही नाही. गोरी की काळी, असं मनात आलं आणि ते आल्याचीच लाज वाटली.

पत्रासाठी गावी गेलो. बाबा निवृत्तीनंतर तिथेच राहतात. तालुक्याचं गाव, सिनेगॉग दीडेकशे वर्षांचं, आळीत आता आमची चार घरं. सार्वजनिक प्रार्थनेला, तोरा बाहेर काढायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. ठाण्यात ती अडचण नाही, आमचे बरेच लोक आता तिथेच आहेत. गावात मात्र शुक्रवारी दुपारी फोन सुरू होतात : तू येतोयस का, तुझा चुलता येतोय का, पनवेलचे ते दोघे? नऊच जमले तर बसून राहतात, गप्पा मारतात, आपापली प्रार्थना म्हणतात आणि पेटी न उघडता घरी जातात. म्हणून मी एक आड शुक्रवारी ऑफिसातून थेट गावची बस पकडतो.

पत्र देणारे काका बाबांच्याच वयाचे. त्यांनी चष्मा लावून माझं नाव, बाबांचं नाव, आजोबांचं नाव लिहिलं, शिक्का मारला. मग पत्र हातात देण्याआधी विचारलं, “सणाला आहेस ना?”

म्हटलं, सणाला आहे.

गेल्या शनिवारी आम्ही अकरा जण होतो. त्यातले एक ताईच्या सासरचे, इस्रायलहून आलेले. त्यांची परतीची फ्लाइट मंगळवारची होती.